ऑनलाइन समुदायांचा अभ्यास सोलापुरात राहून करता येईल का?

विचारणा थोडक्यात अशी आहे. पत्रकारितेची पदवी सोलापुरातच झाली, पुढे ऑनलाइन समुदायांवर काम करायचे आहे. त्याचा वेगळा अभ्यासक्रम कुठे मिळेल? संवाद संशोधनाच्या पद्धती शिकायला पुण्या-मुंबईला जावेच लागेल का? प्रोग्रामिंग यायलाच हवे का? आणि घरचे सगळे ज्या डाळिंब बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत, त्या ग्रुपवर लघुप्रबंध केला तर विभाग मान्य करेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्यातूनच निघतात. विषय उत्तम आहे, तो सोडू नका. फक्त 'ग्रुपवरचे मेसेज गोळा केले, मोजले, पाय चार्ट काढले' एवढ्यावर थांबणार असाल तर करू नका. ग्रुपवर जे बोलतात ते म्हणजे ग्रुप नव्हे. न बोलता वाचणारे, फक्त व्हॉइस नोट ऐकणारे, मुलाच्या फोनवर बघणारे यांच्यापर्यंत पोचता यावे म्हणूनच तर पद्धती शिकायच्या. आणि त्यांच्यापर्यंत एसटीने, दुचाकीने जाता येते हा सोलापुरातल्या विद्यार्थ्याचा मोठा फायदा आहे.

आता अभ्यासक्रम. 'ऑनलाइन समुदाय' अशी पाटी लावलेली पदवी शोधण्यात वर्ष घालवू नका. आपल्याकडे हा विषय बहुधा न्यू मीडिया किंवा डिजिटल मीडिया नावाच्या पेपरात एखाद्या घटकापुरता येतो. परदेशात ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट २००१ पासून या विषयावर उभी आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठात डिजिटल पद्धतींचे उन्हाळी आणि हिवाळी वर्ग चालतात. त्यांची वाचनसूची इंटरनेटवर मिळते तेवढी उतरवून घ्या, उपयोग होईल. पण पाया संशोधन पद्धतीच्या पेपराचाच आहे, आणि तो पेपर आता तुम्हाला टाळताही येणार नाही. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर रचनेत पहिल्या सत्रात संशोधन पद्धती ४ श्रेयांकांची (क्रेडिटची), तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्प ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा. म्हणजे केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापनाला प्रवेश घ्या किंवा पुण्याला जा, सांगाडा साधारण तोच.

फरक पडतो शिकवण्यात. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि ग्रंथालयातले जुने लघुप्रबंध मागा. 'संशोधनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये लिहा', 'नमुना निवडीचे प्रकार स्पष्ट करा' एवढेच प्रश्न दिसले, तर तिथे पद्धती पाठ करायला मिळतील, वापरायला मिळणार नाहीत. समोर पंधरा मेसेज देऊन 'यांचे वर्गीकरण कसे कराल' असे विचारणारा एक प्रश्न जरी दिसला, तरी तिथे कुणीतरी मनापासून शिकवते आहे असे समजा. लघुप्रबंध चाळताना निष्कर्षाचे प्रकरण बघू नका. परिशिष्ट बघा. प्रश्नावली, कोडिंगचा तक्ता, मुलाखतींचा आराखडा तिथे असतो. परिशिष्टच नसेल तर पुस्तक खाली ठेवा.

पुणे, मुंबई, हैदराबाद या तिन्ही ठिकाणी चांगले विभाग आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि विद्यापीठाचा माध्यम विभाग, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, हैदराबाद विद्यापीठात सरोजिनी नायडू स्कूल. परवडत असेल तर जरूर जा, वर्गातली चर्चा आणि ग्रंथालय यांना पर्याय नाही. परवडत नसेल तर राहा इथेच आणि कमी पडेल ते 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून भरून काढा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम्‌च्या अभ्यासक्रमांतून घेता येतात, मात्र विद्यापीठाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला असावा लागतो. हे फी भरण्याआधी विचारून घ्या. 'शोधगंगा'वर देशभरचे पीएच.डी. प्रबंध फुकट आहेत. त्यांतली पद्धतीची प्रकरणे वाचा, चांगली वाचा आणि वाईटही वाचा.

सिद्धांताचा भाग मी फार लांबवत नाही, पण दोन-तीन माणसे माहीत असायलाच हवीत. समाजशास्त्रज्ञ बॅरी वेलमन यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी टोरांटोच्या ईस्ट यॉर्क भागात लोकांना विचारले, तुमची जवळची माणसे कोण? बहुतेकांची जवळची माणसे त्या गल्लीत राहतच नव्हती. इंटरनेट यायच्या कितीतरी आधी समुदाय म्हणजे वस्ती हे समीकरण तिथे मोडले. हे समजायला आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जा. साखर पेठ, अशोक चौक, दत्तनगरातल्या पद्मशाली (तेलुगू विणकर) घरांचे सोयरेधायरे तेलंगणात, भिवंडीत, मुंबईत. त्यांचा 'समाज' कधीच एका पेठेत मावलेला नव्हता. व्हॉट्सॲपने नवा समुदाय घडवला, की पत्रांवर आणि लग्नांवर चालणारा जुनाच फोनवर आणला? एवढ्या एका प्रश्नावर प्रबंध उभा राहतो.

दुसरे हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात 'द वेल' नावाची संगणकी चर्चा-व्यवस्था सुरू झाली. तिथल्या अनुभवावर त्यांनी १९९३ मध्ये लिहिले आणि 'आभासी समुदाय' ही कल्पना सर्वतोमुखी केली. लिखाण जिवंत आहे, पण लेखक स्वतःच त्या गप्पांच्या प्रेमात आहे हे ध्यानात ठेवून वाचा. नॅन्सी बेम यांनी १९९० च्या दशकात टीव्ही मालिकांवर चर्चा करणाऱ्या युजनेट (इंटरनेटवरची जुनी चर्चा-व्यवस्था) गटाचा अभ्यास केला. मालिकेवरच्या 'रिकामटेकड्या' गप्पांतून स्वतःचे रीतिरिवाज, विनोद, चूक सांगण्याच्या सभ्य पद्धती कशा तयार होतात हे त्यांनी दाखवले. माझ्या मते नवख्याने सुरुवात बेमपासून करावी. पद्धती वाचायला रॉबर्ट कोझिनेट्स यांची नेटनोग्राफी (ऑनलाइन गटात राहून निरीक्षण करण्याची पद्धत) आणि क्रिस्टीन हाइन यांचे ऑनलाइन क्षेत्रकार्यावरचे लिखाण. मराठीपुरते बोलायचे तर 'मायबोली' ही वेबसाइट १९९६ पासून आहे. तिच्यासारख्या गप्पांच्या मराठी पानांवर अभ्यासाला अजून भरपूर जागा आहे.

आता मुख्य मुद्दा. ऑनलाइन गटांबद्दल एक ठोकताळा सांगतात: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एक जण बहुतेक सगळे लिहितो. वेबसाइट-वापराचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी तो २००६ मध्ये मांडला. तो नियम नव्हे, अंदाज आहे. घरच्या ग्रुपवर तो लागू पडणार नाही, हजारभर सदस्यांच्या शेती ग्रुपवर बराचसा पडेल. तुम्ही चॅट उतरवून मेसेज मोजलेत, तर तुमचा अभ्यास त्या एका आणि नवांचा झाला. ॲडमिन, औषध दुकानदार, दोन प्रगतिशील बागायतदार आणि रोज सकाळी सुविचार टाकणारे एक निवृत्त गुरुजी. बाकी लोक कुठे गेले?

इथे विद्यार्थी काय करतात, तर गुगल फॉर्म तयार करून त्याच ग्रुपवर टाकतात. फॉर्म भरणारे कोण? तेच बोलके लोक. मग '७८ टक्के सदस्यांना ग्रुप उपयुक्त वाटतो' असे वाक्य निष्कर्षात येते आणि व्हायवाला बाहेरचे परीक्षक पहिल्याच मिनिटाला तिथे बोट ठेवतात. ज्याला ग्रुप निरुपयोगी वाटतो त्याने म्यूट केलेला असतो, तो फॉर्म उघडतच नाही. फॉर्म वापरू नका असे म्हणत नाही, पण तो एकटा वापरू नका.

त्याऐवजी हे करा. ग्रुपच्या सदस्य यादीतून, नावे न बघता, ठरावीक अंतराने नंबर निवडा. त्या लोकांना फोन करा, वेळ घ्या, भेटा. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर तालुक्यांतली गावे असतील. दिवसाला दोन भेटी झाल्या तर खूप झाले. (मे महिन्यात दुपारच्या भेटी ठरवू नका. समोरचा बोलणार नाही आणि तुम्हालाही ऐकू येणार नाही.) भेटल्यावर 'तुम्ही ग्रुप किती वेळ वाचता' असे विचारू नका, त्याचे खरे उत्तर त्यांनाच माहीत नसते. 'ग्रुप उघडा आणि मागे मागे जाऊ, कुठला मेसेज थांबून वाचलात ते दाखवा' असे म्हणा. बोट सरकत जाते, एका फोटोवर थांबते. डाळिंबाच्या फळावर तेलकट काळा डाग आणि त्याला पडलेली चीर, खाली कुणीतरी लिहिलेले 'तेल्या आहे का बघा'. (तेल्या हा डाळिंबावरचा रोग.) 'हा मी जपून ठेवला. आमच्या पण झाडावर असाच होता.' मग तुम्ही विचारायचे, ग्रुपवर का नाही विचारलेत? उत्तर येईल, 'शेजारचे पण आहेत ना ग्रुपवर. बागेत तेल्या आहे म्हटल्यावर व्यापारी जागेवरचा रेट पाडतो.' हा दाखला माझा आहे, पण असे उत्तर ऐकायची तयारी ठेवून जा. गप्प राहण्याला असे कारण असते, आणि ते चॅटच्या फाइलमध्ये कधीच सापडणार नाही.

एक नंबर म्हणजे एक माणूस हेही धरून चालू नका. विडी वळणाऱ्या बायकांच्या बचत गटाचा ग्रुप घ्या. नंबर मुलाचा, फोन घरात फिरतो, मेसेज सून वाचून दाखवते आणि उत्तर सासू सांगते. यादीत दिसतो एक पुरुष सदस्य. यंत्रमागावरच्या कामगाराला मागाच्या खडखडाटात व्हॉइस नोट ऐकता येत नाही, तो पाळी सुटल्यावर ऐकतो. म्हणून त्याच्या ग्रुपवर रात्री एकदम गर्दी दिसते. ही गर्दी बघून 'रात्री सहभाग वाढतो' असे लिहून मोकळे होऊ नका. खरे कारण यंत्रमागात आहे.

चॅट उतरवण्याबद्दल. व्हॉट्सॲपमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' आहे, ॲडमिनने तो बंद केलेला नसेल तर. एप्रिल २०२५ पासून 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' लावून तो बंद करता येतो. मीडियाशिवाय उतरवलेत तर साधी टेक्स्ट फाइल मिळते: तारीख, वेळ, नाव किंवा नंबर, मजकूर. फोटो आणि व्हॉइस नोटच्या जागी 'मीडिया वगळला' अशा अर्थाची ओळ. शेतीच्या ग्रुपवर अशा ओळीच किती असतात ते एकदा बघा, मग मजकूर मोजून केलेला अभ्यास किती अर्धवट राहतो ते समजेल. डागाळलेल्या फळाचा फोटो हाच प्रश्न असतो आणि कृषी सल्लागाराची दोन मिनिटांची व्हॉइस नोट हेच उत्तर. दोन्ही वगळून उरते काय, तर 'धन्यवाद साहेब' आणि नमस्काराचे हात. म्हणून मीडियासह उतरवा, कमी दिवसांचे उतरवा, आणि व्हॉइस नोटा स्वतः ऐकून लिहून काढा. हे काम कंटाळवाणे आहे. तेच खरे काम आहे.

कुठले दिवस घ्यायचे? वर्तमानपत्रांच्या आशय विश्लेषणात 'संरचित आठवडा' वापरतात: वर्षभरातले सगळे सोमवार एकत्र करून त्यांतून एक सोमवार, तसाच मंगळवार, असे करत सात दिवस. ही कल्पना ग्रुपला चालते, पण डाळिंबाचे वर्ष कॅलेंडरवर नसते, बहारावर (फुले धरण्याच्या हंगामावर) असते. मृग, हस्त, आंबे यांतला एक बहार धरा. पाणी तोडणे, छाटणी आणि पानगळ, मग फुलांची सेटिंग, मग फवारण्या, शेवटी तोडणी आणि रेट. प्रत्येक टप्प्यात ग्रुपची भाषाच बदलते. सगळ्या टप्प्यांतून दिवस उचलले नाहीत तर तुमचा प्रबंध एका महिन्याच्या गप्पांचा होईल. बहाराबद्दल शंका असेल तर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावलाच आहे. विद्यापीठातून तिथे जाऊन विचारायला काय लागते? संवादशास्त्राचा विद्यार्थी तिथे सहसा जात नाही, म्हणूनच जा.

आता कोडिंग. संशोधनातले कोडिंग म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे, मेसेजला खूण देणे. 'माहिती विचारली', 'माहिती दिली', 'विक्री', 'शुभेच्छा', 'वाद' असे पाच-सहा वर्ग करता. मग तोच मजकूर तुम्ही आणि एक मैत्रीण दोघी वेगवेगळ्या बसून तपासता. दोघींचे किती जुळले, हा आकडा प्रबंधात आलाच पाहिजे. आणि साधी टक्केवारी देऊ नका, ती फसवते. आकडे घेऊन दाखवतो. शंभर मेसेज आहेत. 'माहिती विचारली' ही खूण तुम्ही तीसांना दिली, मैत्रिणीनेही तीसांना दिली, पण दोघींनी मिळून दिलेली वीसच. साठांना दोघींनीही दिली नाही. म्हणजे ऐंशी मेसेजवर एकमत. ८० टक्के! छान वाटते ना? पण दोघींनी डोळे मिटून याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तरी ०.३ गुणिले ०.३ अधिक ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.५८ इतके एकमत योगायोगानेच झाले असते. कोहेनचा कप्पा (kappa) हे माप हा योगायोग वजा करते: (०.८० वजा ०.५८) भागिले (१ वजा ०.५८), उत्तर ०.५२. क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांचे अल्फा नावाचे असेच एक माप आहे. त्यासाठी ते ०.८० चा दंडक सांगतात आणि ०.६६७ च्या खाली निष्कर्ष काढू नका म्हणतात. माप वेगळे असले तरी ०.५२ वर तुमचा तक्ता परत पाठवला जाणार हे नक्की.

मग काय करायचे? ज्या वीस मेसेजवर मतभेद झाला ते समोर घेऊन बसायचे. बहुतेकदा तिथेच विषय दडलेला असतो. 'अमक्या कंपनीचे औषध कुणी मारले का' हा प्रश्न आहे की जाहिरात? विचारणारा शेतकरी आहे की दुकानदाराचा भाचा? तुम्हाला गाव माहीत आहे म्हणून तुम्ही 'विक्री' म्हटलेत, मैत्रिणीला माहीत नाही म्हणून तिने 'माहिती विचारली' म्हटले. आता खूण मजकुराला द्यायची की माणसाला, हा नियम तुम्हाला लिहून काढावा लागेल. तो लिहिलात की पद्धतीचे प्रकरण अर्धे झाले.

प्रोग्रामिंग आले तर चांगलेच, पण पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी एक्सेल पुरते. पिव्होट टेबल, टक्केवारी, काय-वर्ग (chi-square) चाचणी आणि वरचा कप्पा, एवढे हाताने करता आले पाहिजे. मुलाखतींच्या मजकुरावर खुणा करायला टॅगेट फुकट आहे, कोण कुणाला उत्तर देतो याचे जाळे काढायला गेफी फुकट आहे. भावना ओळखणारी तयार सॉफ्टवेअर मात्र लांब ठेवा. इंग्रजीवर वाढलेली ती साधने सोलापूरच्या ग्रुपवर गडबडतात. रोमन लिपीत लिहिलेला 'झालं' हा शब्द पाच जण पाच स्पेलिंगने लिहितात. त्यात एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी, अक्कलकोटकडे कन्नड. 'लई भारी काम केलंस' हे कौतुक आहे की टोमणा, ते माणसालाच कळते, आणि तेही त्याच गावच्या.

मोठा डेटा उपसण्याचे दिवसही तसे सरले आहेत. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचा फुकट प्रवेश बंद केला, फेसबुकचे पोस्टचा माग काढणारे साधन क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झाले. लाखो पोस्ट उतरवून नकाशे काढणाऱ्यांची त्यामुळे मोठी अडचण झाली. तुमची होणार नाही, कारण तुम्ही माणसांना विचारणार आहात.

नैतिकतेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हे प्रकरण दोन वाक्यांत उरकतात. २०१४ मध्ये एक शोधनिबंध आला. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पानावरच्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी-जास्त करून त्यांच्या लिखाणावर काय परिणाम होतो ते पाहिले होते. त्या लोकांना कुणी विचारले नव्हते. टीका एवढी झाली की त्या नियतकालिकाला स्वतंत्रपणे चिंता व्यक्त करावी लागली. दुसरे उदाहरण तुमच्या जास्त जवळचे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका 'अनामिक' महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची फेसबुक माहिती संशोधनासाठी खुली केली गेली. माहितीसोबतच्या वर्णनावरूनच ते हार्वर्ड असल्याचे संशोधक मायकेल झिमर यांनी दाखवून दिले. नावे काढली होती, तरी ओळख पटली. 'सांगोला तालुक्यातील एका गावचे माजी सरपंच, ग्रुपचे ॲडमिन, दहा एकर भगवा डाळिंब' असे लिहिलेत की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. तालुका गाळा, पद गाळा, एकर गाळा.

आणि हा नुसता शिष्टाचार नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, आपल्या मंगळवेढा तालुक्यातली माणसे होती ती. भिक्षा मागायला गेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. अफवा हा विषय घेणारे विद्यार्थी दरवर्षी असतात, आणि बहुतेक जण अफवेचा मजकूर तपासतात. त्यांना मी एवढेच सांगतो की मजकूर सगळीकडे साधारण सारखाच असतो. तो मेसेज आला तेव्हा कुणी कुणाला फोन केला, कुणाला खोटा वाटला, आणि ज्याला खोटा वाटला तो गप्प का राहिला, हे विचारा. पुन्हा गप्प बसणाऱ्यांवरच येतो मी. इलाज नाही.

ग्रुपवर गुपचूप राहून अभ्यास करू नका. घरचे सदस्य आहेत, तुम्हीही आहात, तरी संशोधक म्हणून तुम्ही तिथे नव्याने येता. आधी ॲडमिनची परवानगी लेखी घ्या. ती पुरत नाही, कारण ॲडमिन एक आणि सदस्य हजारापर्यंत असू शकतात. म्हणून ग्रुपवर असा मेसेज टाका: 'नमस्कार. मी अमुक, सोलापूरला एम.ए. करते. आपल्या ग्रुपवर शेतकरी एकमेकांना सल्ला कसा देतात यावर अभ्यास करत आहे. कुणाचे नाव, नंबर, गाव लिहिणार नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचेच मेसेज बघणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी मला वैयक्तिक मेसेज करा, तुमचे मेसेज वगळते. कारण सांगायची गरज नाही.' हाच मेसेज व्हॉइस नोट करूनही टाका, वाचता न येणारेही सदस्य असतात. नंतर जे ग्रुपवर येतील त्यांच्यासाठी दर पंधरा दिवसांनी पुन्हा टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सवलत आहे, पण ती ठरावीक निकष पाळले तरच, आणि त्या कायद्याने अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. कॉलेजच्या अकरावी-बारावीच्या ग्रुपवर काम करणार असाल तर पालकांची संमती आलीच. विद्यापीठात नीतिविषयक समिती असेल तर तिच्याकडे अर्ज करा. नसेल तर गाइडच्या सहीने वरचा मेसेज परिशिष्टात जोडा.

डेटा स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका. चॅटची फाइल आली की पहिल्याच दिवशी नंबरांच्या जागी 'स १', 'स २' घाला, नंबर आणि खुणांची यादी वेगळ्या जागी ठेवा, मूळ फाइल फोनमधून काढून टाका. प्रबंधात एखादा मेसेज जसाच्या तसा द्यायचा मोह होईल. खुल्या पानावरचा असेल तर तो शोधून लेखकापर्यंत पोचता येते, म्हणून अर्थ सांभाळून शब्द बदला, आणि बदलल्याचे लिहा.

सिनॉप्सिस लिहिताना शीर्षक लहान ठेवा. 'समाजमाध्यमांचा ग्रामीण महाराष्ट्राच्या शेतीवरील प्रभाव: एक चिकित्सक अभ्यास' असे काही आले की मी वाचायचे थांबतो. 'प्रभाव' मोजायला दोन गट, आधीचे आणि नंतरचे मोजमाप, बरेच काही लागते. तुम्ही तो मोजणार नाही. तुम्ही एक ग्रुप, एक बहार, सल्ला कसा मागितला जातो आणि कोण मागत नाही, एवढे बघणार आहात. तेवढेच लिहा.

ॲडमिनने नाही म्हटले, किंवा चार जणांनी आक्षेप घेतला आणि ग्रुपवर कुरबूर सुरू झाली, तर हट्ट करू नका. उघड्यावरचा समुदाय घ्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथली प्रत्येक दुरुस्ती तारीख-वेळेसह जपलेली असते. सोलापूरवरचा लेख उघडा, 'इतिहास' हा टॅब दाबा. कुणी कुठली ओळ घातली, कुणी ती उडवली, चर्चा पानावर त्यावरून काय झाले, सगळे दिसते. सदस्यनावांबाबत काळजी तिथेही घ्यायचीच, पण परवानगीसाठी अडून राहणार नाही. वर सांगितलेला कोडिंगचा सराव त्यातल्या शंभर दुरुस्त्यांवर उद्यापासून सुरू करता येईल, प्रवेश कुठे मिळतो याची वाट न बघता.